‘बोसॉन’मागचे बोस

ढाका विद्यापीठातील एका तिशीच्या अध्यापकाने ४ जून १९२४ रोजी बर्लिनच्या पत्त्यावर एक पत्र टपालात टाकले. सोबत इंग्रजीत लिहिलेला एक छोटा शोधनिबंध होता. पत्र ज्यांच्या नावे होते, ते अल्बर्ट आइन्स्टाइन त्या वेळी जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञ होते; पाठवणाऱ्याचे नाव मात्र बंगालबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ डॉक्टरेट नव्हती आणि परदेशाचे दर्शनही त्याला तोवर घडले नव्हते. पत्रातील विनंती साधी होती. आइन्स्टाइन यांनी निबंध वाचावा आणि तो छापण्याच्या योग्यतेचा वाटल्यास एखाद्या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध होण्याची व्यवस्था करावी. जर्मनमध्ये भाषांतर करण्याइतके त्या भाषेवर आपले प्रभुत्व नाही, हेही त्याने मोकळेपणाने कळवले होते.

आइन्स्टाइन यांनी निबंध वाचला, स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला आणि ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ या नियतकालिकाकडे धाडला. तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. छापील पाने भरली अवघी चार. लेखकाच्या नावाच्या जागी ‘बोस, ढाका विद्यापीठ, भारत’ एवढाच उल्लेख होता. हे बोस म्हणजे सत्येंद्रनाथ बोस. विश्वातील मूलकणांच्या दोन कुळांपैकी एक कूळ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

शास्त्रज्ञाचे मोठेपण मोजायचे कसे, हा प्रश्न आज विद्यापीठांच्या नेमणुकांपासून संशोधन-अनुदानांपर्यंत सर्वत्र विचारला जातो. किती शोधनिबंध लिहिले, ते इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून वापरले, याचे आकडे त्यासाठी मांडले जातात. या आकड्यांच्या तागडीत बोस यांना बसवून पाहिले, तर हाती येणारे उत्तर विचारात टाकणारे आहे.

एकुलता मुलगा, पहिला क्रमांक

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कोलकात्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ हे ईस्ट इंडियन रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागात नोकरीस होते. सात भावंडांत सत्येंद्रनाथ थोरले आणि एकुलते एक मुलगे. त्यांच्या पाठीवर सहा बहिणी. हिंदू स्कूलमध्ये शिकत असताना गणिताच्या शिक्षकांनी त्यांना शंभरपैकी एकशेदहा गुण दिल्याची गोष्ट बंगालमध्ये आजही सांगितली जाते. त्यांनी काही उदाहरणे एकाहून अधिक रीतींनी सोडवली होती, असे या गोष्टीचे तात्पर्य.

१९०९ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक तेथे होते आणि वर्गसोबत्यांत पूर्व बंगालमधून आलेले मेघनाद साहा होते. १९१३ ची बी.एस्सी. आणि १९१५ ची मिश्र गणितातील एम.एस्सी. या दोन्ही परीक्षांत बोस पहिले आले आणि साहा दुसरे. विसाव्या शतकातील भारतीय भौतिकशास्त्राची दोन मोठी नावे एकाच वर्गातील पहिल्या दोन क्रमांकांवर असावीत, हा योगायोग विलक्षणच.

पदवी मिळाली, तरी संशोधनाची वाट सोपी नव्हती. युरोपात त्या काळी भौतिकशास्त्राचा पाया हलत होता. प्लांक, आइन्स्टाइन, बोर यांच्या नव्या कल्पना जर्मन नियतकालिकांतून प्रसिद्ध होत होत्या. पहिल्या महायुद्धामुळे ती नियतकालिके कोलकात्यापर्यंत पोहोचणे कठीण झाले होते. आशुतोष मुखर्जी यांनी कोलकाता विद्यापीठात विज्ञानाचे पदव्युत्तर महाविद्यालय उभारले आणि बोस व साहा यांना तेथे अधिव्याख्याते म्हणून घेतले; पण जे विषय शिकवायचे ते त्यांना स्वतःलाच आधी शिकावे लागणार होते. दोघांनी जर्मन भाषेचा अभ्यास केला. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्र्यूल या युरोपीय प्राध्यापकांच्या खासगी संग्रहातील ग्रंथ मिळवून ते वाचले. या धडपडीतूनच आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद साकारला. तो १९२० मध्ये कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची त्याला प्रस्तावना होती. हे निबंध इंग्रजीत प्रथम आले ते असे कोलकात्यात. चार वर्षांनी आइन्स्टाइन यांना पत्र लिहिताना बोस यांनी याच अनुवादाची आठवण करून देऊन आपली ओळख सांगितली.

बोस यांचे आरंभीचे संशोधनही याच काळातील. वायूच्या रेणूंनी व्यापलेली जागा हिशेबात घेतल्यास वायूचे समीकरण कसे बदलते, याविषयी साहा यांच्यासह लिहिलेला निबंध १९१८ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आला. १९२० मध्ये वर्णपटावरील आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. काम चांगले होते. पण साहा यांनी त्याच वर्षी मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणाने ताऱ्यांच्या अभ्यासाची दिशाच बदलली. वर्गातील दुसऱ्या क्रमांकाचे नाव जगभर पोहोचले. पहिला क्रमांक अजून वाट पाहत होता.

ढाक्यातील शोध

१९२१ मध्ये ढाका येथे नवे विद्यापीठ सुरू झाले आणि बोस तेथे प्रपाठक म्हणून गेले. वर्गात प्लांक यांचा प्रारणाचा नियम शिकवताना त्यांना एक विसंगती सलू लागली.

तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर टाकते, हे सांगणारे सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये दिले होते. सूत्र प्रयोगाशी तंतोतंत जुळत होते. त्याची सिद्धता मात्र दोन दगडींवर पाय ठेवून उभी होती. सूत्राचा एक भाग प्रकाश म्हणजे लहरी, असे मानणाऱ्या जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून घेतला होता, तर दुसरा भाग ऊर्जा ठरावीक पुंजांतच मिळते, या नव्या कल्पनेतून. या दोन कल्पना एकमेकींशी विसंगत होत्या. खुद्द आइन्स्टाइन यांनाही हा सांधा नीट जुळवता आला नव्हता. १९२४ च्या आरंभी मेघनाद साहा ढाक्यात आले असता त्यांनी पाउली यांच्या, तसेच आइन्स्टाइन व एरेनफेस्ट यांच्या ताज्या निबंधांकडे मित्राचे लक्ष वेधले. बोस यांच्या विचारांना त्यामुळे वेग आला.

त्यांनी लहरींचा आधार सर्वस्वी सोडून दिला. प्रकाश म्हणजे कणांचा वायू, असे मानले. कणाचे स्थान आणि संवेग यांच्या एकत्रित अवकाशाचे लहान लहान कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्याचे आकारमान प्लांक स्थिरांकाच्या घनाएवढे धरले. त्यानंतर कोणता कण कोणत्या कप्प्यात आहे, हे न मोजता, किती कप्पे रिकामे, किती कप्प्यांत एक कण, किती कप्प्यांत दोन, एवढेच मोजले. या मोजणीतून प्लांक यांचे सूत्र जुन्या सिद्धांताची उसनवारी न करता आपसूक बाहेर पडले.

ही मोजणी वेगळी कशी, हे दोन नाण्यांच्या उदाहरणाने समजते. दोन नाणी उडवली, तर चार शक्यता संभवतात : दोन्ही छाप, दोन्ही काटे, पहिल्यावर छाप व दुसऱ्यावर काटा, पहिल्यावर काटा व दुसऱ्यावर छाप. दोन्ही नाण्यांवर सारखीच बाजू येण्याची शक्यता म्हणून निम्मी. ही नाणी इतकी एकसारखी असली की ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ असा भेद करणे तत्त्वतःच अशक्य व्हावे, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात. उरतात तीन. तिन्ही सारख्याच संभाव्य मानल्या, तर दोन्हींवर सारखीच बाजू येण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. प्रकाशकण असेच वागतात : त्यांना स्वतंत्र ओळख नसते आणि एकाच अवस्थेत गोळा होण्याकडे त्यांचा कल असतो. बोस यांच्या निबंधात हा अर्थ इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेला नव्हता, पण मोजणीत तो पूर्णपणे सामावलेला होता.

हा निबंध आधी इंग्लंडमधील नियतकालिकाकडे पाठवला होता आणि तेथे तो स्वीकारला गेला नाही, असे सांगितले जाते. ते काहीही असो, बर्लिनला पाठवण्याचा निर्णय निर्णायक ठरला. अनुवादाखाली आइन्स्टाइन यांनी टिपण जोडून ही सिद्धता म्हणजे महत्त्वाची प्रगती असल्याचा अभिप्राय दिला आणि हीच पद्धत वायूच्या अणूंना लावून आपण पुढील काम करणार असल्याचे सूचित केले. ते त्यांनी लगेच केलेही. १९२४ च्या जुलैमध्ये आणि १९२५ च्या आरंभी त्यांनी प्रशियन अकादमीपुढे ठेवलेल्या निबंधांतून एक आश्चर्यकारक भाकीत पुढे आले : वायू पुरेसा थंड केला, तर त्याचे असंख्य अणू एकाच, किमान ऊर्जेच्या अवस्थेत जाऊन बसतील. बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणून पुढे विख्यात झालेली कल्पना ती हीच.

बोस यांनी जूनच्या मध्यास आणखी एक निबंध धाडला होता. प्रारण आणि द्रव्य यांच्यातील समतोल हा त्याचा विषय. आइन्स्टाइन यांनी त्याचाही अनुवाद करून तो छापवला. पण या खेपेस आपल्याला हा युक्तिवाद मान्य नाही, असे टिपणात स्पष्ट लिहिले. ज्या लेखणीने एका निबंधाला जगापुढे आणले, तिनेच दुसऱ्याची वाट अडवली. बोस यांनी उत्तर तयार केले, चर्चाही केली. पण त्या विषयावर पुढे काही प्रसिद्ध झाले नाही.

पॅरिस आणि बर्लिन

आइन्स्टाइन यांच्या हस्ताक्षरातील पोस्टकार्ड ढाक्यात पोहोचले आणि अनेक बंद दारे उघडली. बोस यांना युरोपात अभ्यासासाठी जायचे होते, परंतु विद्यापीठाचा निर्णय रेंगाळला होता. ते कार्ड दाखवताच दोन वर्षांची रजा मंजूर झाली. जर्मन वकिलातीने शुल्क न घेता व्हिसा दिला.

ऑक्टोबर १९२४ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. मोरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांची तंत्रे शिकून घेतली. मारी क्यूरी यांची भेट झाली तेव्हा, आधीच्या एका भारतीय विद्यार्थ्याचा अनुभव सांगून, आधी काही महिने फ्रेंच शिकावे असा सल्ला त्यांनी दिला. बोस यांना फ्रेंच चांगले येत होते. पण बाईंच्या इंग्रजी बोलण्याचा ओघ थांबवून ते सांगण्याचे धैर्य या संकोची माणसाला झाले नाही!

वर्षभराने, १९२५ च्या उत्तरार्धात ते बर्लिनला गेले आणि आइन्स्टाइन यांना भेटले. तोवर हायझेनबर्ग यांची नवी पुंजयामिकी जन्मास आली होती. बोस यांच्या मोजणीतून प्रकाशकणांमध्ये काही नव्या प्रकारची आंतरक्रिया सूचित होते काय, आणि नव्या यामिकीत ही मोजणी कशी दिसेल, हे प्रश्न आइन्स्टाइन यांनी त्यांच्यापुढे ठेवले. बर्लिनच्या वास्तव्यात बोस अनेक थोर शास्त्रज्ञांना भेटले, व्याख्याने ऐकली; मात्र त्या काळातील एकही निबंध त्यांच्या नावावर नाही. दरम्यान, १९२६ मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसारख्या कणांसाठी दुसऱ्या प्रकारची सांख्यिकी मांडली. हे कण एका अवस्थेत एकापेक्षा अधिक राहत नाहीत. विश्वातील सर्व मूलकण या दोनच कुळांत विभागले जातात, हे हळूहळू स्पष्ट झाले. पुढे डिरॅक यांनीच पहिल्या कुळाला बोस यांच्या नावावरून ‘बोसॉन’ हे नाव दिले आणि दुसऱ्याला ‘फर्मिऑन’.

दीर्घ मौन

१९२६ मध्ये बोस ढाक्यास परतले. प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला. डॉक्टरेट नसल्याची उणीव भरून काढण्यासाठी आइन्स्टाइन यांचे शिफारसपत्र जोडले. तरीही पहिली पसंती देबेंद्रमोहन बोस यांना मिळाली. त्यांनी ती जागा स्वीकारली नाही, म्हणून १९२७ मध्ये सत्येंद्रनाथ प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. ज्याचे नाव युरोपातील पाठ्यपुस्तकांत दाखल होत होते, त्याला स्वतःच्या विद्यापीठात अशी दुसऱ्या क्रमांकाने जागा मिळावी, यात त्या काळाच्या, आणि काही प्रमाणात आपल्याही काळाच्या, पदवीनिष्ठेचे चित्र आहे.

त्यानंतरची सुमारे दहा वर्षे त्यांच्या नावावर संशोधन जवळजवळ नाही. १९३६ पासून पुन्हा काही निबंध दिसतात. पण विषय पाहावेत तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. महालनोबिस यांच्या सांख्यिकीतील एका मापाचे गणित, आयनांबरात विद्युतचुंबकीय लहरींचे होणारे परावर्तन, लॉरेन्ट्झ गट. शिवाय स्फटिकांच्या अभ्यासासाठी त्यांनी ढाक्यात क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभारली. सेंद्रिय रसायनशास्त्रातही त्यांनी रस घेतला. के. एस. कृष्णन आणि केदारेश्वर बॅनर्जी यांच्यासारखे संशोधक त्यांच्या विभागात काही वर्षे होते. जो येईल त्याचा प्रश्न सोडवण्यासाठी ते दिवसचे दिवस देत. स्वतःचे गणित कागदावर उतरवून छापण्याची घाई मात्र त्यांनी कधी केली नाही.

या मौनाची कारणमीमांसा अनेकांनी केली आहे. जागतिक केंद्रांपासूनचे अंतर हे एक कारण. १९२५ नंतर पुंजयामिकी ग्योटिंगन, कोपनहेगन, केंब्रिज येथे आठवड्या-आठवड्याला बदलत होती. ढाक्यात ताजे अंक यायलाच कित्येक आठवडे लागत. दुसऱ्या निबंधावरील आइन्स्टाइन यांच्या प्रतिकूल मताचाही परिणाम झाला असावा, कारण बोस त्यांना गुरूच मानत. तिसरे कारण स्वभावातले. प्रश्न स्वतःला सुटला की त्यांची जिज्ञासा शमत असे. साहित्य, संगीत, भाषा यांत ते तितकेच रमत. एसराज हे वाद्य ते उत्तम वाजवीत. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ हे आपले विज्ञानविषयक पुस्तक त्यांना अर्पण केले, ते या बहुश्रुततेमुळेच.

तरीही प्रश्न उरतो. असामान्य बुद्धीच्या शास्त्रज्ञाने अधिक द्यायला हवे होते काय? बोस यांच्या चाहत्यांनाही हा प्रश्न टाळता येत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचे प्रसिद्ध शोधनिबंध सुमारे दोन डझन भरतात. त्यांतील जगाच्या स्मरणात राहिला तो एकच.

मातृभाषेचा आग्रह

फाळणीच्या दोन वर्षे आधी, १९४५ मध्ये बोस कोलकाता विद्यापीठात खैरा प्राध्यापक म्हणून परतले. या पर्वात त्यांनी सर्वांत अधिक कळकळीने जे कार्य केले, त्याची नोंद कोणत्याही संदर्भसूचीत सापडत नाही. सामान्य माणसापर्यंत विज्ञान पोहोचवायचे, तर ते त्याच्या भाषेतच सांगितले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषदेची स्थापना केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक सुरू केले. महाराष्ट्रात मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. मातृभाषेतून विज्ञान नेण्याच्या त्याच वाटेवरील तो आपल्याकडील टप्पा.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा गहन विषयाला हात घातला. १९५३ ते १९५५ या काळात एकात्म क्षेत्र सिद्धांतावर त्यांनी पाच निबंध लिहिले. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व यांना एका सूत्रात गुंफण्याचा आइन्स्टाइन यांचा तो अखेरचा ध्यास होता. बोस यांनी त्यांच्या समीकरणांची काही अवघड उकल केली. पण जगातील बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी तोवर ती वाट सोडली होती. एप्रिल १९५५ मध्ये आइन्स्टाइन गेले आणि हा अध्याय तेथेच संपला.

सन्मान आले, पण सावकाश. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, १९५४ मध्ये पद्मविभूषण, १९५६ मध्ये विश्वभारतीचे कुलगुरूपद, १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापकपद. लंडनच्या रॉयल सोसायटीने साहा यांना १९२७ मध्येच सदस्यत्व दिले होते; बोस यांना ते मिळाले १९५८ मध्ये, निबंधानंतर चौतीस वर्षांनी. नोबेलसाठी त्यांचे नाव १९५६ पासून काही वेळा सुचवले गेले. पन्नास वर्षांनी खुल्या होणाऱ्या नोबेलच्या दप्तरातून दिसते, की समितीच्या वतीने स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ओस्कर क्लाइन यांनी त्यांच्या कार्याचे मूल्यमापन केले आणि ते पारितोषिकाच्या योग्यतेचे नसल्याचा निष्कर्ष काढला. त्या सांख्यिकीचे खरे भौतिक सामर्थ्य इतरांनी उलगडले, असा या भूमिकेचा रोख होता.

आकड्यांत न सापडणारे

आता त्या तागडीकडे वळू. शोधनिबंधांच्या संदर्भांची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली ती अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांच्या विज्ञान-संदर्भसूचीपासून, १९६० च्या दशकात. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका आकड्यात कारकीर्द सांगणारा ‘एच-निर्देशांक’ सुचवला. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक वीस. हा आकडा निबंधांच्या एकूण संख्येपेक्षा कधीच मोठा असू शकत नाही. बोस यांच्या प्रत्येक निबंधाला हजारो संदर्भ मिळाले असते, तरी त्यांचा निर्देशांक दोन डझनांच्या आसपासच अडला असता. प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ खाली राहणार, कारण त्यांच्या बहुतेक निबंधांना फार थोडे वाचक लाभले.

मग त्या एका निबंधाचे काय? तेथे अडचण उलट आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले होते, की एखादी कल्पना ज्ञानात पुरती मुरली की तिचा मूळ स्रोत सांगण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. गुरुत्वाकर्षणाविषयी लिहिताना न्यूटन यांच्या ग्रंथाचा पृष्ठांक कोण देतो? बोस यांचे तसेच झाले. ‘बोसॉन’, ‘बोस सांख्यिकी’, ‘बोस संघनित’ हे शब्द असलेले असंख्य निबंध प्रसिद्ध होतात. त्यांपैकी फारच थोड्यांच्या अखेरीस १९२४ च्या त्या चार पानांचा उल्लेख असतो. नाव सर्वत्र, नोंद मात्र क्वचित. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला जे दिसत नाही, ते येथे सर्वांत मोठे आहे.

त्या चार पानांचा वंशविस्तार पाहिला की हे पटते. द्रवरूप हेलियमचा घर्षणरहित प्रवाह १९३८ मध्ये आढळला आणि त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी त्याचा संबंध बोस-आइन्स्टाइन संघननाशी जोडला. लेसरमध्ये असंख्य प्रकाशकण एकाच अवस्थेत येतात, ते याच नियमाने. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी सुमारे दोन हजार रुबिडियम अणू, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी तापमानापर्यंत थंड केले आणि सत्तर वर्षांपूर्वीचे भाकीत प्रयोगात उतरले. त्यांना आणि वोल्फगांग केटर्ले यांना २००१ चे नोबेल मिळाले. दुर्बल आंतरक्रिया वाहणाऱ्या बोसॉनांच्या शोधासाठी १९८४ मध्ये आणि हिग्ज बोसॉनच्या सिद्धांतासाठी २०१३ मध्ये हाच मान इतरांना मिळाला. जुलै २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा जगभर हिग्ज यांचे छायाचित्र झळकले. त्यांच्या नावापुढे जोडलेल्या दुसऱ्या शब्दात एक माणूस दडला आहे, याची आठवण भारतीय वृत्तपत्रांना करून द्यावी लागली. इंग्रजीत हा शब्द लहान अक्षराने लिहितात, कारण तो आता विशेषनाम राहिलेला नाही.

अर्थात, आकडे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. हजारो अर्जांतून निवड करणाऱ्याला काहीतरी माप लागतेच. बोस हे अपवाद होते आणि अपवादावर नियम बेतता येत नाहीत. थोडे लिहिणारा प्रत्येक जण बोस नसतो! पण एवढे खरे, की १९२४ चा तो प्रपाठक कोणत्याही मापात बसणारा नव्हता, आणि त्याचा निबंध तरला तो केवळ दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने लेखकाची पदवी, पत्ता, पूर्वीची कामगिरी यांपैकी काहीही न पाहता, समोरचा कागद वाचला म्हणून. मोजणीला पर्याय आहे तो वाचण्याचा. तो वेळखाऊ आहे आणि वाचणारा जाणकार असावा लागतो.

जानेवारी १९७४ मध्ये कोलकात्यात बोस यांची ऐंशी वर्षे आणि त्यांच्या सांख्यिकीची पन्नास वर्षे असा दुहेरी सोहळा झाला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यासाठी आले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ फेब्रुवारी रोजी, सत्येंद्रनाथांनी जगाचा निरोप घेतला. कोलकात्यात १९८६ मध्ये स्थापन झालेली मूलभूत विज्ञानाची राष्ट्रीय संस्था त्यांचे नाव धारण करते. प्रयोगशाळांतून आजही रोज नवे काही निबंध बाहेर पडतात, ज्यांच्या शीर्षकात बोस असतात आणि संदर्भसूचीत नसतात. ज्याने कणांची ओळख पुसून त्यांची मोजणी केली, त्याची स्वतःची ओळखही त्याच्या शोधात अशी विरघळून गेली.